एक नंबरचा प्रेक्षक

"घरात टीव्ही किती आणि बघणारी माणसं किती?"

दारातल्या अनोळखी बाईने पहिलाच प्रश्न हा विचारला आणि तपासनीसांनी दाराची साखळी काढता काढता पुन्हा लावली. फटीतून त्यांचा एक डोळा आणि अर्धी मिशी तेवढी बाहेर दिसत राहिली.

तपासनीस विमा कंपनीत नोकरीला होते. कुणाचं दुकान जळालं, कुणाचा माल भिजला, कुणाचे दागिने गेले, की ते खरंच गेले का, आणि गेले म्हणतात तर मुळात होते का, हे पाहायचं त्यांचं काम. बावीस वर्षं हेच केल्यामुळे त्यांच्या स्वभावाला एक बाक आला होता. रस्त्यात कुणी हसून "काय, बरं आहे ना?" म्हणालं, की ह्याला माझं बरं असण्याशी काय कर्तव्य, असा विचार त्यांच्या मनात आधी यायचा आणि "हो, बरं आहे" हे उत्तर नंतर. हल्ली लोक उत्तराची वाट न पाहता पुढे जायचे, आणि तपासनीस त्याचीही नोंद घ्यायचे.

"ओळखपत्र?" त्यांनी फटीतून विचारलं.

बाईने ओळखपत्र फटीतून आत दिलं. ती एका पाहणी संस्थेची होती. तपासनीसांनी ते उजेडात तिरकं धरून पाहिलं.

"फोटोत केस लांब आहेत."

"कापले."

"कधी?"

"गेल्या महिन्यात."

"का?"

या प्रश्नाला दुसरी एखादी बाई जिना उतरून गेली असती. पण ही पाहणीवाली बाई मुरलेली होती. ती शांतपणे म्हणाली, "साहेब, टीव्हीवर जे काही चाललंय त्याबद्दल आम्हाला तुमचं मत हवंय."

साखळी निघाली. का निघाली हे तपासनीसांना स्वतःलाही नीट सांगता आलं नसतं. पण त्यांच्या घरात त्यांचं मत शेवटचं कधी कुणी विचारलं होतं, हे आठवायला गेलं तर बरंच मागे जावं लागलं असतं. पडद्यांचा रंग बायको ठरवायची. लेकीने कोणत्या कॉलेजात जायचं ते लेकीने ठरवलं. ऑफिसात ते अहवाल द्यायचे, पण अहवाल म्हणजे मत नव्हे. आणि इथे एक संस्था, चक्क छापील कागद घेऊन, मत मागायला तीन मजले चढून आली होती.

बाईने नियम सांगितले. टीव्हीवर एक छोटी पेटी बसेल. तिच्या रिमोटवर प्रत्येक माणसाचं एक बटण. बघायला बसताना ज्याने त्याने आपलं बटण दाबायचं. शिवाय आठवड्याला प्रत्येकाने मालिकांबद्दलचं आपलं मत कागदावर लिहून एका सीलबंद डब्यात टाकायचं. एकमेकांचे कागद वाचायचे नाहीत. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ही गोष्ट घराबाहेर कुणाला कळता कामा नये. कळली की सभासदत्व रद्द.

"एक नंबर कुणाला द्यायचा?" बाईने विचारलं. "कुटुंबप्रमुखाला देतात."

"अर्थात," तपासनीस म्हणाले आणि जरा ताठ बसले.

दोन नंबर बायकोला, तीन लेकीला. चार नंबर अण्णांच्या, म्हणजे तपासनीसांच्या वडिलांच्या, नावावर लागला, पण तपासनीसांनी तिथेच स्पष्ट केलं, "तो नुसता लावून ठेवा. अण्णा ब्याऐंशीचे आहेत. त्यांना ऐकू येत नाही, आणि टीव्हीचा त्यांना मुळात तिटकारा आहे. दुपारी एक ते चार झोपतात."

आतल्या खोलीत अण्णा डोळे मिटून खुर्चीवर बसले होते. त्यांचं कानातलं यंत्र उशाशी डबीत होतं.

दुसऱ्या दिवशी पेटी बसवायला एक मेकॅनिक आला. त्याने भिंतीचे, मीटरचे आणि टीव्हीच्या मागच्या बाजूचे फोटो काढले, तपासनीसांच्या चार ठिकाणी सह्या घेतल्या आणि तो निघून गेला. समोरच्या घरात शिकवणी घेणाऱ्या बाईंनी आपलं दार बोटभर उघडं ठेवून हे सगळं पाहिलं. त्यांच्याकडे दुपारभर मुलांचं येणं-जाणं असायचं, त्यामुळे दार उघडं ठेवायला त्यांना कधीच वेगळं निमित्त लागत नसे.

"भाऊजी, कसले हो फोटो काढत होते?" त्यांनी संध्याकाळी विचारलं.

"काही गोष्टी मला बोलता येत नाहीत," तपासनीस म्हणाले.

एवढं बोलून ते थांबले असते तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण माणसाच्या पोटात एखादी मानाची गोष्ट असली की ती चेहऱ्यावर येतेच. तपासनीस असे काही मंद हसले, की दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत इमारतीत सगळ्यांना कळलं, तिसऱ्या मजल्यावर चौकशी लागली आहे आणि मीटरचेसुद्धा फोटो नेले आहेत.

इकडे तपासनीस मतं लिहायला बसले.

त्या वेळी तीन मालिका गाजत होत्या. 'काचेचा उंबरठा' ही दुपारी दोन वाजताची, रात्री पुन्हा दाखवायचे. 'आमचं थोडं चुकलंच' ही विनोदी. आणि 'साक्षीदार क्रमांक पाच' ही गुन्ह्याची. तपासनीसांनी तिन्हींना दाव्यासारखं हाताळलं. 'काचेचा उंबरठा'मधल्या नायिकेची स्मृती गेली होती. तपासनीसांनी लिहिलं, "सदर स्मृतिभ्रंशाचा कोणताही वैद्यकीय पुरावा सादर केलेला नाही. अपघातात गाडीचा चुराडा होतो, परंतु नायिकेची टिकली जागेवर राहते. नायिकेच्या कारखान्याला लागलेली आग ही वायरिंगमुळे लागली नसून आतूनच लावलेली आहे, कारण धूर आधी आणि ठिणगी नंतर दिसते. एकूण प्रकरण बनावट."

विनोदी मालिकेतल्या हसण्यावर तर त्यांचा पहिल्यापासून डोळा होता. "प्रेक्षकांचे हसणे विनोदाच्या अर्धा सेकंद आधी सुरू होते. विनोद होणार आहे हे त्यांना आधीच कसे कळते? शिवाय त्यात एक स्त्री शेवटी शिंकल्यासारखे हसते. हीच स्त्री सोमवार, मंगळवार आणि गुरुवारी हसली आहे. तिला दुसरे काम नाही काय?"

असे ते पाच-पाच कागद लिहायचे. बायको एका ओळीत आटपायची. ती दवाखान्यात औषधं देण्याच्या खिडकीवर बसायची. दिवसभर डॉक्टरांची अक्षरं वाचून आल्यावर तिच्यात फारसं मत उरत नसे. "बरी आहे. पडदे छान," एवढंच लिहून ती कागद डब्यात टाकायची. लेक तर तीन मालिकांना मिळून एकदाच "ठीक" असं लिहायची.

"अगं, ठीक म्हणजे काय?" तपासनीस कळवळायचे. "कारणं द्यावीत. आपल्या मतावर पुढच्या मालिका ठरणार आहेत."

"बाबा, तुला माझा कागद वाचायची परवानगी नाहीये," लेक म्हणायची, आणि तपासनीसांना गप्प बसावं लागायचं. नियम त्यांना नेहमीच पवित्र वाटत आले होते.

दोन महिने असे सुखात गेले. मग संस्थेचं पत्र आलं.

पत्राची भाषा तपासनीसांना पाहताक्षणी ओळखीची वाटली, कारण ते स्वतः लोकांना अगदी अशीच पत्रं पाठवायचे. "आपणांस कळविण्यात येते की, आपल्याकडील नोंदींमध्ये विसंगती आढळून आली आहे. प्रेक्षक क्रमांक एक हे सोमवार ते शुक्रवार दुपारी दोन ते तीन या वेळेत 'काचेचा उंबरठा' पाहत असल्याची नोंद आहे. आपल्या निवेदनानुसार क्रमांक एक या वेळेत कार्यालयात असतात. तसेच क्रमांक एक यांच्याकडून दर आठवड्यास परस्परविरोधी अशी दोन मते प्राप्त होतात. तरी क्रमांक एक ही एकच व्यक्ती असल्याचे प्रतिज्ञापत्र, दोन साक्षीदारांच्या सह्यांसह, पंधरा दिवसांत सादर करावे. अन्यथा आपण बनावट प्रेक्षक असल्याचे गृहीत धरण्यात येईल."

बनावट! तपासनीसांनी पत्र तीनदा वाचलं. हा शब्द त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांसाठी वापरला होता. स्वतःच्या अंगावर आल्यावर तो केवढा बोचरा आहे ते त्यांना कळलं. रागाने त्यांचे कान लाल झाले, आणि पाठोपाठ त्यांच्यातला अधिकारी जागा झाला. माझं बटण रोज दुपारी कोण दाबतंय?

घराच्या किल्ल्या चार. एक त्यांची, एक बायकोची, एक लेकीची आणि एक अडीअडचणीसाठी समोरच्या शिकवणीवाल्या बाईंकडे. लेक दुपारी कॉलेजात असते, असते म्हणते. बायको दवाखान्यात असते, तीही म्हणतेच. शिकवणीवाल्या बाई समोर असतात, पण मुलांना पाढे लिहायला लावून तासभर इकडे येऊन बसायला कितीसा वेळ लागतो? राहिले अण्णा. अण्णांचं नाव त्यांनी यादीत लिहिलं आणि लगेच खोडलं. ऐकू न येणारा माणूस मालिका बघून करील काय?

त्यांनी पहिला सापळा लावला तो पावडरचा. सकाळी ऑफिसला जाताना एक नंबरच्या बटणावर पांढरी पावडर हलकेच भुरभुरवली. ज्याच्या बोटाला ती लागेल तो चोर. संध्याकाळी घरी आल्याआल्या त्यांनी बायकोचे हात पाहिले.

"काय झालं?" बायको म्हणाली.

"काही नाही. सहज."

"पंचवीस वर्षांत सहज कधी हात धरला नाहीत."

तिची बोटं स्वच्छ होती. लेकीची निळी होती, पण ती शाईची. समोरच्या बाईंची खडूने पांढरी होती, आणि खडू की पावडर हे वास घेतल्याशिवाय सांगता येईना, आणि वास घेणं काही शक्य नव्हतं. तपासनीस अगदी हिरमुसले. जेवायला बसताना समोर अण्णा होते. तपासनीस त्यांना ओरडून म्हणाले, "अण्णा, कानाला पावडर लागलीय, पुसा!" अण्णांनी मुकाट्याने कान पुसला आणि पोळीचा तुकडा मोडला. तपासनीस चोर कोण असेल या विचारात गढून गेले.

दुसरा सापळा त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतला. अर्ध्या दिवसाची रजा टाकून ते दोनला दहा मिनिटं कमी असताना घरी परतले. बूट हातात घेऊन जिना चढले. दाराशी येऊन त्यांनी कान लावला. आतून स्पष्ट आवाज आला. एक पुरुष म्हणत होता, "त्यांना यातलं काही कळता कामा नये," आणि एक बाई हुंदके देत होती.

'काचेचा उंबरठा'! दोन वाजायच्या आधी मागच्या भागातलं थोडं दाखवतात, तेच चाललं होतं. तपासनीसांनी श्वास रोखला आणि कान आणखी घट्ट दाबला.

"काय भाऊजी! किल्ली विसरलात का?"

मागे शिकवणीवाल्या बाई उभ्या होत्या. त्यांच्या मागे सात मुलं होती. सातही जणांनी पाहून घेतलं, की समोरचे काका अनवाणी, हातात बूट घेऊन, स्वतःच्याच दाराला कान लावून उभे आहेत.

"शू!" तपासनीस म्हणाले.

"आत कोण आहे?" बाईंनी आवाज उतरवला. पण वर्गाला शिकवणाऱ्या माणसाचा उतरवलेला आवाजही दोन मजले जातो.

आतले हुंदके पटकन बंद झाले. तपासनीसांनी घाईने किल्ली लावली, ती उलटी लागली, पुन्हा लावली. दार उघडेपर्यंत टीव्ही काळा होता. त्यांनी मागून हात लावून पाहिला. गरम. स्वयंपाकघर रिकामं. न्हाणीघर रिकामं. आतल्या खोलीत अण्णा गळ्यापर्यंत पांघरूण घेऊन घोरत होते. डोळ्यांवर चष्मा होता आणि पांघरुणाबाहेर आलेल्या पायांत चपला. तपासनीसांनी हळूच त्यांचा चष्मा काढून ठेवला, चपला काढल्या, आणि वय झालं की माणसाला झोपताना काही भान राहत नाही, असं मनाशी म्हणत ते खिडकीच्या गजांची तपासणी करायला गेले.

पंधरा दिवसांतले नऊ दिवस संपले होते. प्रतिज्ञापत्र तर हवंच होतं. तपासनीस दाखल्यांच्या कचेरीत गेले. खिडकीमागच्या कारकुनाने मजकूर वाचला.

"मी एकच व्यक्ती आहे," त्याने मोठ्याने वाचलं. "कोण?"

"मी."

"असं कशाला लिहून हवंय?"

"ते मला सांगता येत नाही."

कारकुनाने चष्मा कपाळावर सरकवला. "साहेब, जन्माचा दाखला देतो, मृत्यूचा देतो, नावात बदल केल्याचा देतो. एकच असल्याचा नमुना आमच्याकडे नाही. दोन नावं असून माणूस एक असल्याचा आहे. तुमचं दुसरं नाव काय?"

"दुसरं नाव नाही."

"मग एकच आहात हे कशावरून?"

बावीस वर्षं लोकांना "कशावरून?" विचारणाऱ्या तपासनीसांना पहिल्यांदाच या प्रश्नाचं उत्तर सुचेना. शेवटी कारकुनाला दया आली. "दोन नावांच्या नमुन्यावर दोन्हीकडे तेच नाव घाला," तो म्हणाला. "पण साक्षीदार ओळखीचे आणा. तुमच्याच इमारतीतले."

म्हणून तपासनीस इमारतीच्या सेक्रेटरींकडे गेले. सेक्रेटरी हे सही करण्यापूर्वी कागद वाचणारे गृहस्थ होते, आणि वाचून झाल्यावर सल्ला देणारेही. त्यांनी कागद वाचला, दार लावून घेतलं आणि तपासनीसांच्या खांद्यावर हात ठेवला.

"दुसरीकडे किती दिवस चाललंय?"

"दुसरीकडे काय?"

"हे बघा, मी कुणाला बोलणार नाही. पण एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र माणूस कधी करतो? दोन ठिकाणी असल्याचा आरोप होतो तेव्हा! आधी फोटो, मग तुम्ही दाराला कान लावता, आता हे. वहिनींना माहीत आहे का? माझं ऐका, त्यांना आपणहून सांगून टाका. बायका रागावतात, पण लपवलं तर जास्त रागावतात."

"तुम्ही समजता तसं काही नाही!"

"तेही सगळे म्हणतात," सेक्रेटरी म्हणाले आणि त्यांनी सही केली. त्यांच्या मते अशा वेळी शेजाऱ्याच्या पाठीशी उभं राहणं हे त्यांचं कर्तव्य होतं. दुसरी सही शिकवणीवाल्या बाईंनी केली. त्यांनी कागद वाचला नाही. नुसता एक सुस्कारा सोडला.

त्यानंतर इमारतीत दोन पक्ष पडले. एका पक्षाचं म्हणणं, तपासनीसांचं बाहेर दुसरं घर आहे. दुसऱ्याचं म्हणणं, छे, तपासनीसांनाच बायकोवर संशय आहे आणि ते बिचारे दाराला कान लावून झुरतायत. दोन्ही पक्ष जिन्यात तपासनीसांना पाहून सहानुभूतीने बाजूला व्हायचे. तपासनीस मान खाली घालून चढायचे. गुपिताच्या नियमामुळे त्यांना एक शब्दही बोलता येत नव्हता, आणि गप्प राहिल्यामुळे दोन्ही पक्षांचं बळ वाढत होतं.

मग एका संध्याकाळी बायको दवाखान्यातून आली, पर्स ठेवली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "खोकल्याचं औषध न्यायला आलेल्या एका म्हाताऱ्या बाईने मला विचारलं, तुमच्या घरी दुपारी कोण येतं म्हणून. खिडकीतून! रांग उभी असताना!"

"अगं, मला तुझ्यावर संशय नाही," तपासनीस घाईघाईने म्हणाले. "म्हणजे मी फक्त पडताळून पाहत होतो."

हे त्यांनी बोलायला नको होतं.

"पडताळून!" बायको म्हणाली. "रिमोटवर पावडर टाकून! दिसली होती ती मला. हात धरलात तेव्हा मला वाटलं..." काय वाटलं ते तिने सांगितलं नाही. ती आत गेली. त्या आठवड्यात तिने पहिल्यांदाच पूर्ण पानभर मत लिहिलं. ते त्यांना वाचता येणार नव्हतं, पण डब्यात टाकण्यापूर्वी तिने ते मोठ्याने वाचून दाखवलं. "साक्षीदार क्रमांक पाच. यातल्या नवऱ्याला सगळ्या जगाच्या भानगडी दिसतात, फक्त घरात कोण कसं जगतंय ते दिसत नाही. पडदेही वाईट."

तपासनीसांना त्या रात्री जेवण गेलं नाही. आयुष्यात कितीतरी लोकांचे दावे त्यांनी फेटाळले होते, पण हा दावा फेटाळता येत नव्हता.

अखेर संस्थेने घरतपासणी लावली. गुरुवार, दुपारी दीड. प्रतिज्ञापत्र समाधानकारक नाही, सर्व सदस्य हजर राहावेत. तपासनीसांनी रजा घेतली. बायकोनेही घेतली, म्हणाली, "मलाही एकदा बघायचंय, येतं कोण ते." लेकीने तास बुडवला. पाहणीवाली बाई आली तेव्हा तिच्या पाठोपाठ सेक्रेटरीही आत आले आणि न विचारता खुर्चीवर बसले. वेळप्रसंगी साक्षीदार जवळ असावा, असं त्यांचं म्हणणं पडलं.

बाईने फाइल उघडली. त्यात एक नंबरचे दोन गठ्ठे होते. एक तपासनीसांच्या ठळक, निळ्या अक्षरातला. दुसरा पेन्सिलीने लिहिलेला, बारीक आणि उजवीकडे झुकलेला.

"दोन्ही एकाच प्रेक्षकाचे कसे?" तिने विचारलं. "हे बघा, तुम्ही लिहिता, नायिकेची स्मृती गेल्याचा पुरावा नाही. आणि इथे लिहिलंय, 'तिला सगळं आठवतंय. ती नवऱ्याला तुम्ही कोण असं विचारते, पण विचारण्यापूर्वी दम घेते. जो खरोखर ओळखत नाही तो दम न घेता विचारतो.' हे आलं तेव्हा मालिकेत ते उघड व्हायला अजून तीन आठवडे होते!"

तपासनीसांनी पेन्सिलीचं अक्षर पाहिलं. हे अक्षर त्यांनी कुठेतरी पाहिलं होतं. शाळेच्या प्रगतिपुस्तकावर, पालकाच्या सहीच्या जागी.

तेवढ्यात भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजले. आतल्या खोलीचं दार उघडलं. अण्णा बाहेर आले. डोळ्यांवर चष्मा, कानात यंत्र. कुणाकडेही न बघता ते सरळ टीव्हीसमोरच्या खुर्चीत बसले, रिमोट उचलला आणि एक नंबरचं बटण दाबलं.

"बसा सगळे," ते म्हणाले. "उभं राहून आडवे येऊ नका. आज तिचा फोन यायचाय. तीन दिवस वाट बघतोय मी. तपासण्या काय उद्याही होतील."

तपासनीसांच्या तोंडून पहिला शब्द फुटला तो नेमका नको तो. "अण्णा, एक नंबर माझा आहे!"

अण्णांनी मान वळवली. "कुटुंबात मोठा कोण?"

"तुम्ही. पण—"

"मग झालं तर."

"पण तुम्हाला तर ऐकू येत नाही!"

"यंत्र घातलं की येतं," अण्णा म्हणाले. "काढून ठेवतो. घरात माझ्याशी बोलायचं ते सगळं ओरडूनच बोलता तुम्ही. जेवायला चला, औषध घ्या, कान पुसा. त्याला यंत्र कशाला लागतं?"

सेक्रेटरींनी घसा साफ केला आणि तो तसाच साफ ठेवून गप्प बसले. बायकोने आधी अण्णांकडे आणि मग नवऱ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता, आणि ते तपासनीसांना जास्त लागलं.

"पण टीव्हीचा तिटकारा—" ते पुटपुटले.

"बातम्यांचा. सगळे एकदम बोलतात. इथे एका वेळी एकच माणूस बोलतो." अण्णांनी पडद्याकडे बोट केलं. "एकतीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये काढली मी. परगावचे ट्रंककॉल जोडायचे, लाइन लागली का ते ऐकायचं, तीन मिनिटं झाली की तोडायची. एकतीस वर्षं लोकांची अर्धी अर्धी बोलणी ऐकली. भांडणं निम्मी, लग्नं निम्मी. पुढे काय झालं ते कधी कळलं नाही. विचारायची सोय नव्हती. इथे कितीही रडारड होवो, पुढचं कळतं."

पाहणीवाली बाई फाइल विसरून ऐकत होती. "आजोबा, तुमचे कागद ऑफिसात आम्ही आधी वाचतो," ती म्हणाली. "सोमवारी डबा फोडला की सगळे विचारतात, पेन्सिलवाला आला का?"

"आणि माझे?" तपासनीसांनी विचारलं.

"तेही वाचतो," बाई म्हणाली, आणि म्हणण्यापूर्वी तिने दम घेतला. तपासनीसांना तो स्पष्ट ऐकू आला.

नियमाप्रमाणे एका बटणावर एकच माणूस हवा होता. बाईने दुरुस्तीचा नमुना काढला. 'कुटुंबप्रमुख' या शब्दासमोर तपासनीसांचं नाव होतं. त्यांनी पेन घेतलं, आपलं नाव एका रेघेत खोडलं, वर अण्णांचं लिहिलं आणि स्वतःला चार नंबरवर टाकलं. खाली सही केली. बायकोने शेजारचं स्टूल पायाने त्यांच्याकडे सरकवलं. गेल्या आठ दिवसांत तिने त्यांच्यासाठी केलेली ही पहिली गोष्ट होती. ते बसले.

पडद्यावर फोन वाजला. सहा माणसं गप्प होऊन बघू लागली. फोनवर बाई फक्त "हॅलो" म्हणाली, आणि जाहिराती लागल्या.

"श्शी!" सेक्रेटरी म्हणाले.

लेकीने आवाज बंद केला. "आजोबा," ती म्हणाली, "तुमच्या एक्सचेंजमधलं असं एखादं अर्धं बोलणं लक्षात आहे अजून?"

अण्णांनी चष्मा नीट केला.

"एक बाई होती," ते म्हणाले. "दर गुरुवारी फोन लावायची, एका गृहस्थाला. तीन मिनिटांत दोन मिनिटं हवापाणी बोलायचे. तिकडे ऊन आहे का, इकडे वारा आहे. शेवटचं मिनिट दोघंही गप्प. मला वाटायचं लाइन गेली, म्हणून ऐकत राहायचो. लाइन असायची. सहा वर्षं हे चाललं. एका गुरुवारी ती म्हणाली, उद्या येते. तो काही बोलायच्या आत तीन मिनिटं झाली. तोडावी लागली मला. त्यानंतर तिचा फोन कधी आला नाही."

"मग गेली का ती त्याच्याकडे?" बायकोने विचारलं.

"तेच तर कळलं नाही," अण्णा म्हणाले. "गेली म्हणून फोन आला नसेल, की दुसरं काही झालं असेल."

तपासनीसांच्या डोक्यात सवयीने प्रश्न उठले. बाईचं नाव काय, गाव कोणतं, निघाल्याचा पुरावा काय, पोचल्याचा काय. बावीस वर्षांच्या नोकरीत असल्या कागदावर त्यांनी डोळे झाकून 'पुराव्याअभावी अमान्य' असा शेरा मारला असता. त्यांनी अण्णांच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"गेली असणार," ते म्हणाले.

अण्णांनी यंत्र लावलेला कान त्यांच्याकडे वळवला. "कशावरून?"

"कशावरून नाही. पण गेली."

अण्णा त्यांच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी हळूच मान डोलावली, आणि नातीला म्हणाले, "चल, वाढव आवाज."